कोरड्या घासाची करामत

मराठी घरांत कोलकात्याजवळच्या डमडमचं नाव दोन वाटांनी शिरलं. एक वाट गोळीची. 1890 च्या दशकात इथल्या दारूगोळ्याच्या कारखान्यात कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले याने अंगात घुसल्यावर फुलणारी बंदुकीची गोळी तयार केली आणि 1899 साली हेगच्या परिषदेने तसल्या गोळ्या निषिद्ध ठरवल्या. दुसरी वाट गाण्याची. एचएमव्हीचा कारखाना इथलाच. कितीतरी मराठी तबकड्या इथे छापल्या जाऊन आपल्या आजोबांच्या ग्रामोफोनवर फिरल्या. गोळी आणि गाणं दोन्ही दूरवर गेली. डमडमच्या फलाटावर रोज हातोहात खपणारी झालमुडी (झाल म्हणजे तिखट, मुडी म्हणजे चुरमुरे) मात्र लांब जाऊच शकत नाही, कारण ती तयार होताच तिचं वय मिनिटांत मोजायला लागतं. झालमुडी काही डमडमची एकटीची नाही, सगळ्या बंगालची आहे. पण ती अशीच का आहे हे कळायला डमडम जंक्शनसारखी जागा नाही.

सियालदहहून निघालेल्या लोकल इथे फुटतात. काही रानाघाट-कृष्णनगरच्या दिशेने जातात, काही बनगावच्या. 12 नोव्हेंबर 1984 ला बेलगाछियापर्यंतची मेट्रो इथूनच सुरू झाली, आणि तेव्हापासून लोकलमधून उतरून मेट्रो गाठणारे आणि मेट्रोतून उतरून लोकल गाठणारे लोक एकमेकांना धक्के देत इथून पार होतात. स्टेशनाबाहेरच्या रस्त्यावर खाण्याची रेलचेल आहे. सुक्या वाटाण्याची घुगनी आहे, वांग्याची आणि कांद्याची तेलेभाजा म्हणजे आपली भजी आहेत, साल वृक्षाच्या पानाच्या द्रोणात चिंचेचं पाणी निथळवत दिले जाणारे फुचके म्हणजे आपल्या पाणीपुऱ्या आहेत. सगळे पदार्थ चांगलेच. पण घुगनीला वाटी हवी, भज्यांना चूल हवी, फुचक्याला पाणी हवं आणि खाणाऱ्याला उभं राहायला जागा हवी. झालमुडीला यातलं काहीच लागत नाही. ती माणसाच्या गळ्यात अडकून चालते, गाडीत चढते, एका हाताने दांडा धरलेल्या माणसाच्या दुसऱ्या हातात जाते. चूल नाही, ताट नाही, पाणी नाही, बोटं धुवायची सोय नाही. या चार नकारांतून जी चव घडली, तिचं हे रसग्रहण.

आधी मुडी. उकड्या तांदळाला मीठ लावून, तो जरा शेकून, मग तापलेल्या वाळूत टाकला की दाणा क्षणात फुलतो. चाळणीने वाळू खाली राहते, मुडी वर येते. बाँकुडा, बर्धमान, मेदिनीपूर या भागांत ती न्याहारीचं अन्नच आहे आणि हाताने भाजलेली मुडी घराघरांतल्या बायकांची कमाई आहे. आपल्या चुरमुऱ्यापेक्षा हा दाणा सडपातळ, आणि मीठ आतच मुरलेलं. म्हणून नुसती मुडी चावली तरी ती अळणी लागत नाही. पुढच्या साऱ्या मसाल्याला हा मिठाचा तळ आयता मिळतो. चांगला विक्रेता मुडीच्या डब्याचं झाकण गिऱ्हाईक समोर आल्याशिवाय उघडत नाही, कारण बंगालची दमट हवा हीच मुडीची पहिली वैरीण.

मग तेल. इथे मराठी जीभ चमकते. आपल्याकडे मोहरी फोडणीत तडतडते आणि तिथेच तिचं काम संपतं. इथे मोहरीचं तेल कच्चंच मुडीवर पडतं, कधी साधं तर कधी कैरीच्या लोणच्यातलं. या तेलाचा झणका अ‍ॅलिल आयसोथायोसायनेट या द्रव्यामुळे येतो. ते सहज उडून जाणारं आहे. बंगाली स्वयंपाकात तेल धुरावेपर्यंत तापवतात तेव्हा त्याचा बराचसा भाग निघून जातो. झालमुडीत तो शाबूत राहतो. म्हणून इथे तिखट दोन ठिकाणी लागतं. हिरवी मिरची जिभेवर बसते आणि हटत नाही, तेल मात्र थेट नाकात चढतं आणि लगेच उतरतं. दोन तिखटांचे हे दोन वेग ही झालमुडीच्या रचनेतली सर्वांत सूक्ष्म गोष्ट आहे. मिरची वाढवून नाकातलं तिखट मिळत नाही, आणि तेल वाढवून जिभेवरचं मिळत नाही. तेलाचं आणखी एक काम आहे. तेलाचा हात फिरलेला दाणा कांद्या-काकडीच्या पाण्याला काही वेळ तरी दाद देत नाही.

बाकीचं साहित्य या दोघांच्या मागे उभं राहतं. बारीक चिरलेला कांदा, काकडी, थोडा टोमॅटो, उकडलेल्या बटाट्याच्या फोडी, भिजवलेले किंवा उकडलेले हरभरे, शेंगदाणे, मूठभर चनाचूर, कोथिंबीर. भाजलेलं जिरं, धने, सुकी मिरची, काळं मीठ यांची पूड. प्रत्येकाचं प्रमाण वेगळं आणि प्रत्येकाच्या मते आपलंच खरं. आंबटासाठी लिंबू किंवा चिंचेच्या पाण्याचे चार थेंब. थेंब हा शब्द महत्त्वाचा. सगळ्यात शेवटी ओल्या खोबऱ्याची लांब कापी वर खोचली जाते, ती कालवली जात नाही. तिखटाने तोंड पोळलं की गोडसर, थंड खोबरं कुठे सापडेल ते खाणाऱ्याला दिसत असावं, एवढी सोय त्या एका कापीने होते. कुणी ती आधीच खाऊन टाकतो, कुणी शेवटपर्यंत राखतो, आणि यावरून माणसाचा स्वभाव ओळखणारेही लोकलच्या डब्यात भेटतात.

आता प्रयोग, लोकलमधला. गळ्यात अडकवलेल्या पट्ट्यावर मधोमध मुडीचा मोठा डबा, भोवती लहान डब्यांचं कडं. हातातल्या टिनाच्या डब्यात मुडी पडते आणि विक्रेता न बघता एकेक झाकण उघडतो. तेवढ्यात प्रश्न येतो, "दादा, झाल कम, ना बेशी?" तिखट कमी की जास्त, एवढंच तो विचारतो. बाकी सगळं तो स्वतः ठरवतो. शाळकरी पोराला मिरची कमी आणि चनाचूर जास्त, कचेरीतून परतणाऱ्याला तेलाची एक धार वरून. चमचा डब्याच्या कडेवर टकटक वाजतो. हे वाजणं जाहिरातही आहे आणि कृतीही. मुडी दाबून कालवली तर तुटते, म्हणून ती उडवत, कडेवर आपटत कालवायची. काही सेकंदांत सारं कागदाच्या ठोंग्यात उतरतं, वर खोबऱ्याची कापी, आणि माणूस पुढच्या बाकाकडे. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेली कुटुंबं डमडमच्या आसपास वसाहती करून राहिली आणि त्यांतल्या अनेकांनी लोकलमधली फेरी धरली. थोड्या भांडवलात, बिनाजागेच्या धंद्याला लागणारं कसब असं पिढ्यांच्या हातात मुरलं.

मराठी माणूस पहिल्या घासाला म्हणतो, "अरे, ही तर भेळ!" साहित्य पाहिलं तर म्हणणं चूक नाही. रचना पाहिली तर दोघींचे मार्ग वेगळे आहेत. भेळेचा जीव चटण्यांत आहे. खजूर-चिंचेची गोड, कोथिंबिरीची हिरवी, लसणाची लाल. त्या चुरमुऱ्यात शिरतात, त्याला मऊ करतात आणि सगळ्यांची मिळून एकच नवी चव होते. चौपाटीवर वाळूत बसून खायला ते शोभतं. झालमुडी अशी मिसळण होऊ देत नाही. इथे प्रत्येक घासात कुणी वेगळा पुढे येतो: एकदा हरभरा, एकदा बटाटा, एकदा नुसतं तेल लागलेली मुडी. गोड चटणीला तर इथे प्रवेशच नाही. तिची मराठी नातेवाईक शोधायची तर भेळेच्या गाडीवर जाऊ नये, घरात पाहावं. कच्चं तेल, तिखट, मीठ लावून वर कांदा पेरलेले चुरमुरे, संध्याकाळी आई पटकन पुढे ठेवते ते. किंवा कोल्हापूर-जयसिंगपूरकडचा लसणीचा भडंग. भडंगात तेल तापतं आणि तो डब्यात भरून टिकतो, झालमुडी टिकण्याची आशाच धरत नाही. फरक एवढाच, पण चवीचं सगळं गणित त्याने बदलतं.

भाताच्या दमट देशांत चालत्या वाहनातलं खाणं दुसरीकडेही आहे. फिलिपिन्समध्ये लांबच्या बसमध्ये विक्रेते चढतात; त्यांच्याकडे शेंगदाणे असतात, डुकराच्या कातडीचे कुरकुरीत तळलेले तुकडे म्हणजे चिचरोन असतात, कधी बालुट म्हणजे आत पिल्लू धरलेलं उकडलेलं बदकाचं अंडं असतं. कुरकुरीत आणि आंबट यांची जोडी तिथेही सुटत नाही, फक्त आंबटपणा मिरची-लसूण घातलेल्या व्हिनेगरचा असतो. फुललेला तांदूळ तिथेही आहे, आंपाव नावाचा; पण त्याची गोड पाकात बांधून वडी करतात, आपल्या चुरमुऱ्याच्या लाडवासारखी. म्हणजे तो टिकाऊ झाला. मुडीला तिखट करून ताबडतोब संपवण्याची घाई बंगालची. पदार्थ लांब जात नसला तरी त्याची कृती गेली: अँगस डेनून या ब्रिटिश शेफने कोलकात्यात पाहून शिकलेली झालमुडी लंडनच्या रस्त्यांवर विकली आणि लोकांनी ती आवडीने खाल्ली. तिथे हा पदार्थ गिऱ्हाइकाला थांबवून खायला घातला गेला. इथे तो गिऱ्हाइकाबरोबर प्रवास करतो.

या प्रवासाला कायद्याची साथ नाही. रेल्वे अधिनियम 1989 च्या कलम 144 नुसार परवान्याशिवाय रेल्वेच्या डब्यात माल विकणं गुन्हा आहे. फेरीवाल्यांना संरक्षण देणारा 2014 चा कायदा आला, पण रेल्वेच्या जागा आणि गाड्या त्याने आपल्या कक्षेबाहेर ठेवल्या. म्हणून स्टेशनाबाहेर नागेरबाजारच्या रस्त्यावर उभा राहणारा झालमुडीवाला आणि गाडीत चढणारा झालमुडीवाला यांच्या डब्यांत साहित्य तेच असलं, तरी दुसऱ्याला सगळा सरंजाम क्षणात उचलून उतरता यायला हवा. गळ्यातला पट्टा त्यासाठीच. पदार्थाचा सुटसुटीतपणा पाहून आपण कौतुक करतो, त्यात या भीतीचाही वाटा आहे हे रसिकाने विसरू नये.

दोष दोन सांगायला हवेत. पहिला ठोंग्याचा. जुन्या वर्तमानपत्राचा ठोंगा दिसायला कितीही गोड असला, तरी तेलकट खाण्याला छापील शाई लागते, आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2016 सालीच वर्तमानपत्रात खाणं बांधू नका असं बजावलं आहे. कोऱ्या कागदाने चवीचं काही बिघडत नाही. दुसरा दोष उकडलेल्या बटाट्याचा. ठोंगा भरलेला दिसावा म्हणून काहीजण तो सढळ हाताने घालतात. मग तो चुरडतो, दाण्यांना चिकटतो आणि जी वेगळेपणाची मौज असते तीच जाते.

हल्ली पुण्या-मुंबईत 'कोलकाता झालमुडी' अशी पाटी लावलेल्या गाड्या दिसतात. त्या पारखायच्या कशा? पहिला घास सगळीकडेच चांगला लागतो, त्यावर भाळू नये. नाकात काही चढलं का ते पाहावं. नसेल तर तेल मोहरीचं नाही किंवा हात आखडलेला आहे. गोड लागली तर ती भेळ समजून खावी आणि भेळेचेच पैसे द्यावेत. खरा निकाल ठोंग्याच्या तळाशी लागतो. तिथे मसाल्याची पूड, मीठ, तेल आणि मुडीचा चुरा जमलेला असतो. तो तळाचा घास ओला आणि लिबलिबीत निघाला, तर विक्रेत्याला साहित्य माहीत आहे, झालमुडी माहीत नाही. तो कुरकुरीत निघाला, तर गाडी पुण्यात उभी असली तरी विक्रेता पास.