सुतक, बघणं आणि गोंधळ : माझा २०२५चा मराठी सिनेमा

२०२५मध्ये पाहिलेल्या मराठी चित्रपटांत माझ्या लेखी रोहन परशुराम कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ सगळ्यात वरचा. त्याच्या जवळ पोचणारा एकच, जयंत दिगंबर सोमलकर यांचा ‘स्थळ’. आवडलेले आणखी चार-पाच आहेत, पण ते या दोघांच्या बरेच अलीकडे थांबतात. ‘साबर बोंडं’ आमच्या जिल्ह्यातला, संगमनेर तालुक्यातल्या खरशिंदे गावातला, म्हणून मी त्याला झुकतं माप देतोय असं कुणाला वाटेल. गाव ओळखीचं निघाल्याचा आनंद आहेच. पण आपल्या भागात चित्रीकरण झालं म्हणून ऊर भरून यावा, इतकं नगर जिल्ह्याला सिनेमाचं अप्रूप राहिलेलं नाही. हा चित्रपट वर आहे तो त्यातल्या पाहण्याच्या रीतीमुळे.

यंदाच्या चांगल्या चित्रपटांचे विषय शेजारी शेजारी ठेवले की एक गोष्ट नजरेत भरते. ‘साबर बोंडं’मध्ये दहा दिवसांचं सुतक, ‘स्थळ’मध्ये मुलगी बघण्याचा कार्यक्रम, ‘दशावतार’मध्ये कोकणातला रात्रीचा खेळ, ‘गोंधळ’मध्ये लग्नानंतर देवीपुढे घातला जाणारा गोंधळ, ‘जारण’मध्ये करणी आणि उतारा. या दिग्दर्शकांनी काही ठरवून हे केलेलं नाही. तरी वेगवेगळ्या प्रदेशांतले इतके जण एकाच वर्षी विधीकडे वळले, याला माझ्या मते कारण आहे. विधीत कुणी कुठे बसायचं, काय विचारायचं, केव्हा रडायचं, सगळं आधीच ठरलेलं असतं. त्यात एखाद्या माणसाच्या मनात भलतंच काही चाललं असेल, तर आरडाओरड न करता नाट्य उभं राहतं. मात्र दिग्दर्शकाला तो विधी माणसाच्या अंगावर येऊन बसलेला दिसला पाहिजे. नुसती हळद, संबळ आणि दिवट्या दिसल्या तर त्याची आरास होते. मी यंदाचे चित्रपट याच कसाला लावून पाहिले.

‘साबर बोंडं’मधला आनंद तिशीचा, मुंबईत कॉल सेंटरमध्ये काम करणारा. वडील जातात आणि आईबरोबर तो गावी येतो. दहाव्यापर्यंत तिथंच राहायचं. पायात काही घालायचं नाही, जमिनीवर झोपायचं, खाण्यापिण्याचं पथ्य नातेवाईक सांगतील तसं. आणि आल्यागेल्याच्या तोंडी विषय एकच, याचं लग्न कधी? घरात मृत्यू झाला की वर्षाच्या आत लग्न उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, हा रिवाज आमच्याकडे अजून पाळतात. त्यामुळे सुतकाच्या ओसरीवरच स्थळांची बोलणी निघतात, आणि त्यात कुणाला वावगं वाटत नाही. आनंदचं प्रेम पुरुषांवर आहे. आईला ते ठाऊक आहे, गेलेल्या वडिलांनाही ठाऊक होतं. गावात बाळ्या आहे, लहानपणीचा मित्र. तो शेती करतो, शेळ्या राखतो आणि त्याच्याही मागे लग्नाचा तगादा आहे.

विकास अर्स यांचा कॅमेरा या सगळ्यात जागचा हलत नाही. माणसं चौकटीत येतात, बाहेर जातात, बाहेर गेलेल्यांचं बोलणं चालूच राहतं. पार्श्वसंगीत नाही. शेळ्यांचा, पाखरांचा, लांबच्या बोलण्याचा आवाज आहे, आणि तेवढ्यानं संगीताची उणीव भासत नाही. ओसरीवर मंडळी बसलीत, चुलते एक सांगताहेत, आत्या दुसरं, आणि आनंद भिंतीला टेकून ऐकतोय. अशा प्रसंगात दुसऱ्या एखाद्या दिग्दर्शकानं कॅमेरा त्याच्या डोळ्यांपाशी नेला असता. कानवडे नेत नाहीत. सगळ्यांच्या बरोबरीनं तोही तिथं बसलेला दिसतो, आणि त्याला उठून जाता येत नाही हे आपल्याला कुणी न सांगता कळतं. भूषण मनोज यांनी हे जखडलेपण खांद्यांतून आणि मानेतून दाखवलं आहे. सूरज सुमन यांचा बाळ्या त्याच्या अगदी उलट, मोकळ्या अंगाचा आणि शेतात सैलावणारा.

बाळ्या आनंदसाठी साबराची बोंडं आणतो. निवडुंगाची कुंपणं आमच्याकडे बांधाबांधावर होती, आता फार कमी उरलीत. बोंड वरून गुळगुळीत दिसतं, पण त्यावरची बारीक कुसं बोटात शिरली की दिवसभर सलतात आणि काढू म्हटलं तरी दिसत नाहीत. ती घासून, पुसून, सोलून मग लालभडक गर दुसऱ्याच्या हातावर ठेवायचा. बाळ्यानं आपल्या मनातलं सांगायला याहून जास्त काही बोलायची गरज नव्हती, आणि दिग्दर्शकानंही त्याच्या तोंडी ते घातलेलं नाही. जयश्री जगताप यांची आई हा चित्रपटाचा दुसरा मोठा ठेवा. नातेवाइकांना गप्प करण्यासाठी ती मुलाच्या वतीनं एक गोष्ट रचून ठेवते आणि ती इतक्या सहज सांगते, की ही बाई वर्षानुवर्षं त्याच्यासाठी आड उभी राहत आली असणार हे उमगतं. शिकलेली नसलेली, गावरान बोलणारी, मुलाला पुरतं ओळखणारी अशी आई मराठी पडद्यावर मी पूर्वी पाहिलेली नाही.

जानेवारीत सनडान्स महोत्सवात या चित्रपटाला जागतिक कथापट विभागाचं सर्वोच्च ज्युरी पारितोषिक मिळालं. त्या महोत्सवात प्रथम दाखवला गेलेला हा पहिला मराठी चित्रपट. वडिलांच्या मृत्यूनंतर गावी काढलेल्या दिवसांतून कानवडे यांना ही कथा सुचली. चित्रपट शिकवणाऱ्या कुठल्या संस्थेत ते गेलेले नाहीत. मला यात एकच गोष्ट खटकते. बाळ्याचं शेत दिसतं, पण शेतीचा हिशेब दिसत नाही. पोट कसं चालतं, कर्ज आहे की नाही, गाव सोडायचं म्हटलं तर मागे काय पडतं, हे थोडं कळायला हवं होतं. त्याच्या निर्णयांना त्यानं वजन आलं असतं.

नगरच्या मातीवरच्या आधीच्या चित्रपटांत हा हिशेब फार ठसठशीत होता. नागराज मंजुळे नगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात संज्ञापन शिकले. ‘पिस्तुल्या’ हा त्यांचा लघुपट त्याच दिवसांतला, आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे २०१४मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘फँड्री’त नगरजवळचं अकोळनेर आलं. जब्यानं पकडायचं डुक्कर ही त्या घराची रोजी होती आणि तीच त्याची लाज होती. शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं आणि डुकरामागे धावणारं अख्खं कुटुंब जागच्या जागी थिजतं, त्या प्रसंगात मंजुळेंनी जे साधलं ते अजून कुणाला साधलेलं नाही. मग २०१५मध्ये श्रीगोंद्याच्या भाऊराव कऱ्हाडे यांचा ‘ख्वाडा’ आला. जमीन विकून केलेला चित्रपट. मेंढ्या घेऊन भटकणाऱ्या धनगर कुटुंबाची गोष्ट, आणि आवाज सगळा जागेवरच ध्वनिमुद्रित केलेला. त्या ध्वनीला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो अगदी योग्य. मेंढरं बसवलेल्या माळावर रात्री काय काय ऐकू येतं, हे मराठी चित्रपटानं तोवर ऐकवलंच नव्हतं. ‘साबर बोंडं’चा कान मला त्याच वळणाचा वाटतो, मग दिग्दर्शकांची एकमेकांशी ओळख असो वा नसो. भारतातल्या प्रदर्शनाच्या वेळी मंजुळेंनी ‘साबर बोंडं’मागे आपलं नाव उभं केलं, याचं म्हणूनच मला विशेष समाधान आहे.

‘स्थळ’मध्ये हिशेब आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात सविता समाजशास्त्र शिकते, स्पर्धा परीक्षेची तयारी करते, आणि मधूनमधून पाहुणे तिला बघायला येतात. खुर्च्यांवर पुरुषांची रांग, समोर ती. नाव, शिक्षण, उंची, आवड, शेतातलं काम येतं का. मग पोहे, चहा, आणि काही दिवसांनी नकार. रंग सावळा, उंची कमी. प्रसंग पुन्हा पुन्हा येतो, तेच प्रश्न त्याच क्रमानं, आणि दर वेळी नंदिनी चिकटे यांचा चेहरा अगदी थोडा बदलतो. पहिल्या वेळची भीती पुढं कंटाळ्यात जाते, कंटाळा रागात. बापाच्या घरात कापूस भाव चढायची वाट बघत पडलेला आहे आणि भाव काही चढत नाही. लेकीचं लग्न आणि कापूस हे दोन्ही एकाच बाजारात अडकलेत, हे सोमलकरांनी भाषण न देता दाखवलं. सुरुवातीला बायका खुर्च्यांवर बसून एका मुलाला हेच प्रश्न विचारतात, ते स्वप्न तर वर्षातलं सर्वांत धारदार दृश्य. वर्गात स्त्री सक्षमीकरणाचा धडा चालतो तिथं मात्र दिग्दर्शक बोट दाखवून सांगू लागतो. प्रेक्षकाला ते आधीच समजलेलं असतं. पडद्यावरची बहुतेक माणसं त्याच भागातली, पूर्वी कधी कॅमेऱ्यापुढे न आलेली. ७ मार्चला हा चित्रपट आपल्याकडे लागला. त्याआधी टोरंटोच्या महोत्सवात २०२३मध्येच त्याला नेटपॅक पुरस्कार मिळाला होता. दीड वर्ष गेलं मधे.

‘दशावतार’बद्दल माझं मन दुभंगलेलं आहे. वयाची ऐंशी ओलांडलेले दिलीप प्रभावळकर बाबुली मेस्त्री म्हणून रंग लावायला बसतात, तिथून नजर हलत नाही. मालवणी बोली, खेळाची रात्र, खाणीमुळे जंगलावर आलेलं संकट, बापलेकाचं नातं, पहिला अर्धा भाग घट्ट विणलेला. सुबोध खानोलकर यांना तो मुलूख आतून माहीत आहे. उत्तरार्धात अवतार सुडाला लागतात आणि खलनायक इतके पातळ होतात की त्यांना मारण्यात काही उरत नाही. इथं विधीची आरास होते. तरीही चित्रपटगृहं भरली, आणि एका ज्येष्ठ नटाच्या जिवावर भरली, हे फार चांगलं झालं.

‘जारण’मध्ये हृषीकेश गुप्ते यांनी भय आणि मनोविकार यांच्यातली रेघ शेवटपर्यंत हलती ठेवली. अमृता सुभाष यांचं काम यंदाचं माझ्या आवडीचं, अनिता दाते यांची गंगुटी त्याच्या मागोमाग. संतोष डावखर यांच्या ‘गोंधळ’ला नोव्हेंबरमध्ये गोव्याच्या इफ्फीत उत्कृष्ट दिग्दर्शनाचा रौप्य मयूर मिळाला. एका रात्रीत घडणाऱ्या गोष्टीवरची त्यांची पकड त्या मानाला साजेशी आहे. कथेतली कारस्थानं मात्र मला त्या संबळापेक्षा कमी अस्सल वाटली. या दोन्ही चित्रपटांत किशोर कदम आहेत. ‘फँड्री’तला कचरू साकारलेला हा नट अकरा वर्षांनीही आपल्या सिनेमाला तितकाच हवा आहे.

विधीबाहेरचा एक चित्रपट यादीत हवाच, शिवराज वायचळ यांचा ‘आता थांबायचं नाय!’ मुंबई महापालिकेचे चतुर्थ श्रेणी कर्मचारी रात्रशाळेत जाऊन दहावीला बसतात, ही खरी घडलेली गोष्ट. बेत सरळ, शेवट अपेक्षित, पण भरत जाधव आणि सिद्धार्थ जाधव यांनी त्या माणसांना कुठंही हास्यास्पद होऊ दिलं नाही.

आमच्या जिल्ह्यात यंदा सगळ्यात जोरात चालला तो हिंदी ‘छावा’. संभाजी महाराजांना संगमेश्वरी पकडल्यावर आणलं ते श्रीगोंदा तालुक्यातल्या पेडगावच्या बहादूरगडावर, आणि औरंगजेब मेला तो नगरजवळच्या भिंगारला. इथल्या प्रेक्षकांनी ‘छावा’साठी रांगा लावल्या, ते मी समजू शकतो. पण भीमेकाठचा तो किल्ला, ती जागा, तिथली माणसं मला त्या चित्रपटात सापडली नाहीत. यातनाच लांबत गेल्या.

आणि प्रश्न येतो तो पडद्यांचा. १२ सप्टेंबरला ‘दशावतार’, ‘आरपार’ आणि ‘बिन लग्नाची गोष्ट’ एकाच दिवशी लागले, आठवड्यानं ‘साबर बोंडं’. इतक्या गर्दीत लहान चित्रपटाच्या वाट्याला मोठ्या शहरांतले मोजके खेळ येतात. २०१५मध्ये राज्य सरकारनं मल्टिप्लेक्सना मराठी चित्रपट दाखवण्याचं बंधन घातलं. जिथं मल्टिप्लेक्सच नाही तिथं त्याचा उपयोग नाही, आणि क्षेत्रफळानं राज्यातल्या सगळ्यात मोठ्या या जिल्ह्यातले बहुतेक तालुके तसेच आहेत. कऱ्हाडे यांच्या ‘टीडीएम’ला २०२३मध्ये खेळच मिळेनात म्हणून तो काढून घ्यावा लागला आणि पुन्हा जूनमध्ये लावावा लागला. ज्या तालुक्यात चित्रपट घडतो तिथल्या माणसानं तो बघायला नाशिक नाहीतर पुणं गाठायचं, ही स्थिती बदलायची तर कुणीतरी छोट्या जागी खेळ लावायला हवेत. तालुक्याच्या महाविद्यालयांत सभागृहं आहेत, प्रोजेक्टर आहेत. दर शनिवारी एक मराठी चित्रपट, नाममात्र तिकीट, नंतर तासभर चर्चा, एवढं निर्मात्यांच्या परवानगीनं सहज जमेल. सुरुवात संगमनेरपासून करावी. पहिल्या शनिवारी ‘साबर बोंडं’, पुढच्याला ‘स्थळ’, आणि आईवडिलांना बरोबर आणणाऱ्या विद्यार्थ्यांना पुढच्या रांगा.