जळलेली अक्षरे : जितिश कल्लाट यांच्या ‘पब्लिक नोटिस’ मालिकेचा विचार

सोनिवलीपासून जवळच असलेल्या अंबरनाथच्या शिवालयात शके 982 (इ. स. 1060) चा शिलालेख आहे. अक्षर टिकावे व त्याबरोबर कर्त्याची कीर्तीही टिकावी, हा अशा कोरीव लेखाचा हेतू असतो. मुंबईचे चित्रकार जितिश कल्लाट (जन्म 1974) यांनी याच्या उलट मार्ग पत्करला. अक्षराची नश्वरता हाच त्यांच्या भाष्याचा आधार होय.

मालिकेतील पहिल्या, 2003 मधील कृतीत, 14 ऑगस्ट 1947 च्या मध्यरात्री पंडित नेहरूंनी केलेले भाषण पाच आरशांवर रबरी चिकटद्रव्याने हाताने लिहून पेटविले आहे. 2002 च्या गुजरातमधील दंगलींची छाया तीवर आहे. मूळ भाषणाचा प्रतिवाद येथे एका शब्दानेही केलेला नाही. मजकूर तोच, परंतु लेखनद्रव्यच टीकाकार झाले आहे. आचेने आरसा वाकला असल्याने वाचणाऱ्यास काजळलेल्या ओळींतून स्वतःचा विद्रूप चेहरा दिसतो. वचनभंगाचा दोष मग केवळ राज्यकर्त्यांवर ढकलता येत नाही.

2007 च्या दुसऱ्या कृतीत दांडीयात्रेच्या पूर्वसंध्येचे, 11 मार्च 1930 चे, गांधीजींचे भाषण अस्थींच्या आकाराच्या 4,479 अक्षरखंडांनी मांडले आहे. 2010 च्या तिसऱ्या कृतीत विवेकानंदांचे 11 सप्टेंबर 1893 चे शिकागो येथील भाषण, त्याच नगरीतील आर्ट इन्स्टिट्यूटच्या जिन्यावर, अमेरिकेच्या दहशतवादविषयक इशाऱ्याच्या पाच रंगांत उजळले.

तथापि एक आक्षेप उरतोच. नाव ‘सार्वजनिक सूचना’ असे, पण मजकूर इंग्रजी आणि स्थान कलादालन. ज्यास इंग्रजी वाचता येत नाही, त्याच्यापर्यंत ही सूचना पोहोचते काय? या कसोटीवर तिन्ही कृती समान उतरत नाहीत. भाषणाचा संदर्भ वगळला, तर तिसरीत केवळ रोषणाई उरते. दुसरीत मृत्यूची जाणीव राहते. पण अहिंसेशी असलेला तिचा विरोध लोपतो आणि संख्येचा भार अलंकरणाकडे झुकतो. पहिलीत मात्र काजळी व मोडलेला चेहरा शिल्लक राहतो, आणि तेवढे निरक्षरासही कळते. चित्रातील शब्द वाचला न गेला तरी बोलला पाहिजे. म्हणूनच या मालिकेत पहिली कृती श्रेष्ठ ठरते.