केशाची गरज कुठे संपते? : ‘देऊळ’मधली यंत्रं, गाणी आणि माणसं

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या गाडीत केडगाव येईपर्यंत तासाभराहून थोडा जास्त वेळ मिळतो. गेल्या वर्षी अशा दोन फेऱ्यांमध्ये मी ‘देऊळ’ मोबाइलवर पुन्हा पाहिला. पहिल्यांदा पाहिला होता तो नोव्हेंबर २०११ मध्ये, पुण्यातल्या भरलेल्या चित्रपटगृहात. तेव्हा लोक हसले तिथे मीही हसलो होतो. या वेळी त्याच जागा आल्या, पण हसू आलं नाही. प्रसंग शिळे झाले होते असं नाही. तेव्हा पडद्यावर होतं ते दरम्यानच्या काळात माझ्या घरात आलं होतं. रोजच्या वापरातली यंत्रं हा चित्रपट कशी दाखवतो आणि आपण त्यात नेमकं कशाला हसतो, एवढंच या लेखात तपासायचं आहे.

उमेश कुलकर्णी यांच्या या चित्रपटाला ५९ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान (‘ब्यारी’बरोबर विभागून) मिळाला. अभिनय आणि संवाद या दोन्हींसाठी गिरीश कुलकर्णी यांचा गौरव झाला. कथा वाचकांना माहीत आहे. मंगरूळ गावचा केशा हरवलेली करडी गाय शोधत रानात जातो, झाडाखाली त्याचा डोळा लागतो आणि त्याला दत्ताचं दर्शन होतं. अण्णांनी गावासाठी रुग्णालयाचा आराखडा केलेला असतो. तो मागे पडतो आणि देऊळ उभं राहतं. देवळामागून दुकानं येतात, पैसा येतो.

केडगावच्या माणसाला ही कथा परकी वाटत नाही. आमच्या बेटावर नारायण महाराजांच्या काळापासून दत्ताचं देऊळ आहे. दत्ताच्या नावाने गाव ओळखलं जाणं म्हणजे काय, हे आम्ही लहानपणापासून पाहतो. म्हणून ‘देऊळ’ श्रद्धेची टिंगल करतो हे म्हणणं मला कधी पटलं नाही. केशाला जे दिसलं त्याला चित्रपट एकदाही हसत नाही. तो हसतो ते त्यानंतरच्या घडामोडींना.

या घडामोडींत यंत्रांचा वाटा मोठा आहे. मराठी ग्रामीण विनोदात यंत्र बहुधा फजितीसाठी येत असे. खेड्यातला माणूस नवी वस्तू उलटी धरतो आणि शहरातला प्रेक्षक हसतो. याच लेखक-दिग्दर्शकांच्या ‘वळू’मध्ये (२००८) ही रीत बदललेली दिसते. डुरक्या नावाचा मोकाट वळू पकडायला वनाधिकारी कुसवड्याला येतो. त्याचा भाऊ माहितीपट करायला कॅमेरा घेऊन सोबत येतो. गावकरी त्या कॅमेऱ्याला बुजत नाहीत. जो तो आपापला वळू त्याच्यासमोर सांगतो. तरीही कॅमेरा पाहुण्याचाच असतो आणि पाहुण्याबरोबर परत जातो.

‘देऊळ’मध्ये असा पाहुणा लागत नाही. पत्रकार बातमी वाढवतो हे खरं, पण त्याआधी गाव तयारच असतं. जाहिरात, छपाई, कर्णा, टीव्ही, मोबाइल यांचं इथे कुणाला अप्रूप नाही. गावातली रिकामी पोरं ही साधनं सफाईने वापरतात. म्हणजे अडाणीपणावरचा विनोद संपला आणि हुशारीवरचा सुरू झाला. हा बदल माझ्या मते महत्त्वाचा आहे, कारण हुशारीला हसणारा प्रेक्षक स्वतःला बाजूला ठेवू शकत नाही.

यात गाण्यांची जागा कोणती? ‘देऊळ’ला रूढ अर्थाने संगीतिका म्हणता येणार नाही. पण त्यातली गाणी काढली तर विनोदाचा कणा मोडेल. मंगेश धाकडे यांच्या संगीतात दत्तनामाचं गाणं मिरवणुकीच्या ठेक्यावर येतं. नाव देवाचं आणि अंगात येतो तो ठेका. या विनोदामागे मोठा इतिहास आहे. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि भक्तिगीत देवळातून रिक्षात, चहाच्या टपरीवर, लग्नाच्या मांडवात आलं. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज घराघरात पोचला तो याच वाटेने. त्यात वाईट काही नव्हतं. पण एक गोष्ट बदलली. भजनाला मंडळी जमावी लागतात, कुणाचा तरी घसा बसावा लागतो. कॅसेटला बटण पुरतं.

माझ्या वाचनात ‘देऊळ’चा गाभा इथे आहे. केशाचा अनुभव एकदाच घडलेला, मुका आणि पुन्हा न घडणारा. यंत्राचं काम नेमकं उलटं असतं. ते एका गोष्टीच्या हव्या तितक्या प्रती काढतं. बातमी, गाणं, तसबीर अशा प्रती निघत जातात आणि प्रत्येक प्रतीबरोबर केशाची गरज थोडी कमी होते. शेवटी अस्वस्थ केशा मूर्तीच उचलून नेतो आणि पाण्यात सोडतो. परत येतो तेव्हा गावाने नवी मूर्ती आणलेली असते. प्रेक्षकगृहात इथे हशा पिकला होता. पण हा शेवट विनोदाच्या आधी तर्काचा आहे. प्रतीवर चालणाऱ्या गावाला मूळ हरवल्याने काही अडत नाही.

मग प्रत काढणंच वाईट का? केडगावात राहून असं म्हणता येत नाही. पंडिता रमाबाईंनी इथल्या मुक्ती मिशनमध्ये छापखाना चालवला आणि समाजाने टाकून दिलेल्या बायका-मुलींच्या हाती खिळे दिले. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं बायबलचं मराठी भाषांतर याच ठिकाणी छापलं गेलं. तिथे प्रत काढणाऱ्या हातांची किंमत वाढली होती. मंगरुळात ज्याच्या अनुभवाच्या प्रती निघतात त्याची किंमत घटते. प्रती दोन्हीकडे निघाल्या. फरक पडतो तो यंत्र कुणाच्या ताब्यात आहे आणि प्रत निघाल्यावर मूळ माणसाला कुणी विचारतं का, याने. ‘देऊळ’ दुसरा प्रश्न नेमका पकडतो आणि पहिल्याकडे जरा दुर्लक्ष करतो. मोबाइल हाताळणाऱ्या पोरांच्या वाट्याला त्यात मुख्यतः विनोद आले आहेत. विचार अण्णांच्या वाट्याला. त्या पोरांना देवळाने पहिल्यांदा काम दिलं, या गोष्टीकडे चित्रपटाने आणखी थांबून पाहायला हवं होतं असं मला वाटतं.

आता घरातली गोष्ट. माझी आई पाळणा सुरेख म्हणते. आमच्या भावकीत बारसं असलं की तिला बोलावणं ठरलेलं. काही वर्षांपूर्वी एका बारशात मी तो मोबाइलवर ध्वनिमुद्रित केला आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी हात जोडले, फुलं पाठवली. पुढच्या बारशात गडबड होती, बायका पाळण्याभोवती उभ्या होत्या, आई दोन जिने चढून धापा टाकत कॉटवर बसली होती. कुणीतरी म्हणालं, “काकूंना कशाला त्रास? आहे की आपल्याकडे.” मीच मोबाइल स्पीकरला जोडला. आवाज स्वच्छ आला, एकही ओळ चुकली नाही. गाणारी बाई चार हातांवर बसून ते ऐकत होती. संपल्यावर ती म्हणाली, “बरं झालं, माझा घसा वाचला.”

तेव्हा मला ते खरंच वाटलं होतं. गाडीत ‘देऊळ’चा शेवट पुन्हा पाहताना, नव्या मूर्तीसमोरच्या गर्दीत मी केशाचा चेहरा शोधू लागलो आणि आईचं ते वाक्य आठवलं. भाऊ लबाड आहे, पत्रकार सवंग आहे, हे ओळखणं सोपं आहे. पण मंगरुळातले बाकीचे लोक वाईट नाहीत. त्यांना दत्त हवा आहे आणि तो त्रासाविना मिळतो आहे. आम्हाला पाळणा हवा होता, तोही तसाच मिळाला.

या वेळी गाडी केडगावात थांबली तेव्हा श्रेयनामावली चालू होती. माझ्या पुतणीला पाचवा महिना लागला आहे. आईला आत्ताच विचारून ठेवायला हवं, बारशाला ती गाणार का, आणि जिने चढायला हात कुणाचा धरणार.