मायोडीची अँटिबॉडी: क्लोन ५.८ए वर किती भरवसा ठेवायचा?

१९८७ मध्ये डेव्हिस, वाइनट्राउब आणि लासर यांनी दाखवलं, की मायोडीचा एकच सीडीएनए घातला तर १०टी१/२ फायब्रोब्लास्ट स्नायूपेशी बनायला लागतात. तेव्हापासून हा ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर ‘दिसला’ की आपण ‘पेशी स्नायूच्या वाटेवर आहे’ असं लिहून मोकळे होतो. पण तो दिसतो अँटिबॉडीच्या डोळ्यांनी. म्हणून आज ५.८ए या मोनोक्लोनलची तपासणी करू.

आधी जमेची बाजू. मायोडी, मायएफ५, मायोजेनिन आणि एमआरएफ४ ही चार भावंडं. डीएनएला धरणारा त्यांचा बीएचएलएच भाग फार सारखा असतो. ५.८ए तो भाग सोडून पुढे, १८० ते १८९ या अमिनो आम्लांपाशी चिकटते. त्यामुळे भावंडांमध्ये गल्लत व्हायची शक्यता कमी. जागेची निवड चांगलीच आहे.

आता खटकणाऱ्या गोष्टी. ही अँटिबॉडी सायटोप्लाझमही रंगवते, आणि तो रंग मायोडीचा धरत नाहीत. ऱ्हॅब्डोमायोसार्कोमाच्या निदानात फक्त केंद्रकातला रंग मोजतात, तो याचसाठी. तुम्हीही तेच करा.

दुसरं, ही उंदराची अँटिबॉडी आहे आणि तुमचा स्नायूही बहुधा उंदराचाच असणार. सेकंडरीला दोन्हीतला फरक कळत नाही. जखमी स्नायूत तर रक्तातलं आयजीजी झिरपलेलं असतं. म्हणजे पुनरुत्पत्ती जिथे बघायची, नेमका तिथेच खोटा उजेड जास्त! फॅब ब्लॉकिंग आणि फक्त सेकंडरी लावलेली स्लाइड, दोन्ही हवंच.

तिसरं, वेस्टर्न ब्लॉट. हिशेबाने मायोडी ३४ किलोडाल्टनच्या आसपास, पण जेलवर पट्टी येते ४५ जवळ. त्यामुळे नुसतं वजन जुळवून काही सिद्ध होत नाही.

माझा मुख्य आक्षेप मात्र पुराव्यावर आहे. पुष्कळ डेटाशीटवर सी२सी१२ची एक सुबक पट्टी दाखवतात. त्यातून एवढंच कळतं, की प्रथिन असताना पट्टी येते. नसताना येत नाही, हे कोण सांगणार? त्यासाठी मायोडी नॉकआउट उंदीर आहे. १९९२ मध्ये तो तयार झाला, जगला, आणि त्याच्या स्नायूत मायएफ५ वाढलेलं आढळलं. म्हणूनच ही परीक्षा कडक आहे: मायोडी शून्य, भावंड भरपूर. इथेही केंद्रक चमकलं, तर तुमची अँटिबॉडी भलतंच काही दाखवतेय. नॉकआउट उंदीर नसेल, तर क्रिस्परने जनुक बंद केलेल्या सी२सी१२ पेशी वापरा.

थोडक्यात, ५.८ए घ्यायला हरकत नाही, पण तिचं प्रशस्तिपत्र दुसऱ्याच्या डेटाशीटवरून उसनं घेऊ नका. क्लोन, लॉट, डायल्युशन आणि निगेटिव्ह कंट्रोल मेथड्समध्ये लिहा. ‘सॅटेलाइट पेशी जागी झाली’ हा तुमचा निष्कर्ष त्या एका ठिपक्यावर उभा असेल, तर ठिपका खरा आहे हे दाखवायची जबाबदारी कंपनीची नाही, तुमची आहे.