जिमी मेकला बोलू द्यायला हवं होतं

चंद्रपूरकडे कोळसा खाणीजवळ राहणाऱ्यांना ‘ओबी’ म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. कोळशावरची माती आणि दगड काढून रचलेला ढीग म्हणजे ओबी. मूळ शब्द ओव्हरबर्डन, म्हणजे वरचं ओझं. माझ्या लहानपणी सपाट रानात उभे राहिलेले हे ढिगारे आम्हाला डोंगरच वाटायचे. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियात नेमकं उलटं झालं. तिथे खरा डोंगरच ओझं ठरला.

अ‍ॅन पॅनकेक यांची ‘स्ट्रेंज अ‍ॅज धिस वेदर हॅज बीन’ (२००७) ही कादंबरी वाचताना मला तो शब्द सारखा आठवत होता. अपालाचियन डोंगररांगेत कोळसा काढण्याची एक पद्धत आहे. आधी जंगल तोडायचं, मग सुरुंग लावून शिखर फोडायचं आणि निघालेला दगड शेजारच्या घळीत लोटायचा. या भरावाखाली सुमारे दोन हजार मैलांचे झरे आणि ओढे गाडले गेल्याचा अंदाज अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०११ मध्ये मांडला. खाली राहणाऱ्यांच्या घराच्या भिंतींना तडे जातात, विहिरींचं पाणी बिघडतं आणि पाऊस आला की पुराची धास्ती असते.

दुसरी बाजू म्हणते, इथे दुसरं काम कुठे आहे? शिवाय या डोंगराळ मुलखात सपाट जागाच नाही, ती तयार होते. १९७७ च्या कायद्याने खाणीनंतर जमिनीला जवळपास पूर्वीचा आकार द्यायला सांगितलं. पण सपाट जमीन पुढे उपयोगात आणणार असाल, तर सूटही दिली. नोकऱ्यांचा मुद्दा मात्र दिसतो तितका भक्कम नाही. वेस्ट व्हर्जिनियात १९४८ मध्ये सव्वा लाखाच्या आसपास खाणकामगार होते. २००० पर्यंत ते वीस हजारांच्याही खाली आले. मोठी यंत्रं आली आणि माणसं कमी लागू लागली.

पॅनकेक यांनी हा वाद सभेत किंवा कोर्टात न नेता एका घरात आणला आहे. बहीण कॅथरीन हिच्या माहितीपटाच्या निमित्ताने त्या खाणींजवळच्या लोकांच्या मुलाखती घेत होत्या. त्यातूनच ही कादंबरी आली. लेस ही आई. तिला डोंगर सोडवत नाही आणि ती हळूहळू आंदोलनात ओढली जाते. नवरा जिमी मेक बेकार झालेला खाणकामगार. त्याला मुलाबाळांना घेऊन नॉर्थ कॅरोलायनात जायचंय. पंधरा वर्षांची बँट दोघांच्या मध्ये. वर डोंगरावर नेमकं काय चाललंय, हे खाली कोणालाच ठाऊक नाही, कारण ती जमीन आता कंपनीची आहे. गाळाचं पाणी अडवलेला बांध वर आहे का? हा प्रश्न कादंबरीभर डोक्यावर टांगलेला राहतो. आणि ही भीती हवेतली नाही. १९७२ मध्ये याच राज्यात बफेलो क्रीकला कोळशाच्या गाळाचा बांध फुटून १२५ माणसं गेली होती. कादंबरीत त्या पुराची आठवणही येते.

इथवर मी या कादंबरीच्या पूर्ण बाजूने आहे. मला खटकलं ते पुढे. सहा माणसांच्या नजरेतून ही गोष्ट सांगितली आहे. त्यांत लेस आणि बँट ‘मी’ म्हणून बोलतात. मुलांना आपापली प्रकरणं आहेत, शेजाऱ्यांनाही आहेत. जिमी मेकला एकही नाही. तो आपल्याला दिसतो तो बायकोच्या आणि मुलीच्या डोळ्यांनी: चिडलेला, टीव्हीसमोर बसलेला, पळ काढू पाहणारा. पण घर वाचवायचं म्हणजे मुलांना इथून हलवायचं, हे त्याचं म्हणणं चूक कसं? डोक्यावर बांध असेल तर तोच शहाणा. लेसचं डोंगरावरचं प्रेम आपण आतून अनुभवतो. त्याची भीती मात्र फक्त भांडणात ऐकू येते. वादाच्या एका बाजूला ‘मी’ मिळाला, दुसरीला मिळाला नाही.

याची थोडी भरपाई कोरी करतो. दहा वर्षांच्या या पोराला खाणीची यंत्रं भयंकर वाटत नाहीत, भव्य वाटतात. त्या अवाढव्य ड्रॅगलाइनचं त्याला वेड आहे, आणि त्या प्रकरणांत ते वेड वाचणाऱ्यालाही लागतं. ज्या गोष्टीने गाव उद्ध्वस्त होतंय तिचंच पोरांना आकर्षण असतं, हे मला फार खरं वाटलं. ओबीवर चढून खालचे डंपर मोजण्यात आमच्याही सुट्ट्या गेल्या आहेत. पण यंत्राच्या याच ओढीपायी कोरीचा जीव जातो, आणि लेखिकेचा निकाल पुन्हा एकाच बाजूला झुकतो.

माझा आक्षेप तराजू समान धरण्यासाठी नाही. डोंगर परत येत नाही, नोकरी कधीतरी मिळू शकते. दोन्ही पारडी सारखी नाहीतच. पण आमच्याकडे जमीन गेली म्हणून खाणीत नोकरी मिळालेली माणसं मी पाहिली आहेत. धुळीने आईचा खोकला वाढला म्हणून वैतागणारा आणि पगाराच्या दिवशी घरी मिठाई आणणारा माणूस एकच असतो. त्याच्या आत लेसही असते आणि जिमी मेकही. पॅनकेक यांनी लेसला आतून लिहिलं, ते फार कमी लेखकांना जमलं असतं. म्हणूनच जिमी मेकचं एक प्रकरण त्यांच्याकडून हवं होतं.