बारामतीकर बाबूजी नाईक : एका अभिप्रायाची छाननी

बारामतीस नगरपालिका इ. स. १८६५ सालीं स्थापन झाली. परंतु गांवचा पुढारी राज्याच्या कारभारांत अग्रस्थान मिळवूं पाहतो, ही गोष्ट तेथें त्याहून सव्वाशें वर्षें जुनी आहे. बाबूजी नाईक जोशी हे तेथील प्रमुख सावकार. त्यांचे बंधु आबाजी नाईक यांस बाळाजी विश्वनाथांची कन्या भिऊबाई दिलेली होती. म्हणजे नाईक पेशव्यांचे सोयरे, आणि थोरल्या बाजीरावांस पैसा पुरविल्यामुळें त्यांचे धनकोही. ता. २८ एप्रिल १७४० रोजीं बाजीराव रावेरखेडीस निवर्तले, तेव्हां रघूजी भोसल्यांनीं पेशवेपदासाठीं नाइकांचें नांव पुढें केलें. शाहूमहाराजांस मोठा नजराणाही देऊं केला गेला. महाराजांनीं वस्त्रें बाळाजी बाजीरावांस दिलीं. या एका प्रसंगावरून नाइकांविषयीं जो अभिप्राय रूढ झाला, तो कितपत टिकतो हें येथें पाहावयाचें आहे.

अभिप्राय मुख्यतः ग्रँट डफचा. त्याच्या १८२६ च्या इतिहासांत नाईक दिसतात ते पैसा अडकल्यामुळें चिडलेले धनको आणि रघूजींच्या पक्षाचें एक हत्यार, एवढेच. यांत दोन विधानें एकमेकांत मिसळलीं आहेत. तीं वेगळीं केलीं पाहिजेत.

पहिलें वैराचें. बाजीरावांस तगादा करणारे नाईक एकटेच नव्हते. धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींचेंही त्यांना मोठें कर्ज होतें, आणि त्या कर्जाची टोंचणी पारसनीसांनीं उजेडांत आणिलेल्या पत्रव्यवहारांत पानोपानीं दिसते. स्वामींनीं पैसा मागितला तर ते परमगुरु, आणि नाइकांनीं मागितला तर ते वैरी, हा न्याय आम्हांस समजत नाहीं. घेणें मागणें हें वैराचें प्रमाण नव्हे. वैर असेल तर तें पदाच्या मागणींत शोधावें, खातेवहींत नव्हे.

दुसरें विधान हत्याराचें. रघूजींस आपलें राजकारण साधावयाचें होतें, हें निर्विवाद. परंतु केवळ दुसऱ्याच्या हातचें हत्यार डाव फसल्यावर टाकून दिलें जातें. नाइकांचें तसें झालें नाहीं. पुढें शाहूमहाराजांनीं त्यांजकडे कर्नाटकची कामगिरी सोंपविली. दरबारांत त्यांची स्वतःची पत होती, असेंच यावरून अनुमान निघतें.

तथापि आम्ही नाइकांची वकिली करीत नाहीं. कर्नाटकांत त्यांस यश आलें नाहीं. १७४६ त सदाशिवरावभाऊ तिकडे उतरले आणि त्या प्रांताचें राजकारण पेशव्यांच्या हातीं गेलें. फौजेस पैसा पुरविणें आणि फौज चालविणें, या दोन विद्या निराळ्या आहेत. पहिली येणाऱ्यास दुसरी येतेच असें नाहीं. नाइकांच्या कारकिर्दीचा खरा दोष हा. डफच्या हातून नेमका तोच निसटला.

कित्येक स्थानिक लेखक नाइकांच्या बचावार्थ मोरोपंतांचें नांव पुढें करितात. पन्हाळ्यास जन्मलेल्या पंतांनीं नाइकांच्या आश्रयानें बारामतींत ग्रंथरचना केली आणि १७९४ त ते तेथेंच वारले. याबद्दल महाराष्ट्र नाइकांच्या घराण्याचा ऋणी आहे. पण काव्यास दिलेला आश्रय हा राजनीतीचा पुरावा होऊं शकत नाहीं.

मुळांत अडचण साधनांची आहे. पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग १९३० पासून सरदेसायांच्या संपादकत्वाखालीं प्रसिद्ध झाले, हें मोठेंच कार्य. तरी तें दप्तर अधमर्णाचें आहे. केवळ त्यावरून उत्तमर्णाचा निवाडा करणें म्हणजे एका पक्षाची जबानी घेऊन खटला संपविणें होय.

म्हणून संग्राहकांस आमची विनंती आहे. शेजारच्या इंदापूरची कीर्ति मालोजीराजे भोसले तेथें रणांत पडले म्हणून. तलवारीचा इतिहास सांगावयास लोक सदा उत्सुक असतात. खातेवहीच्या वांट्यास तें भाग्य येत नाहीं. शिक्क्याचें पत्र जपून ठेवितात आणि मोडी रोजकीर्द, खतावणी, कर्जखतें रद्दींत देतात, हें आम्ही डोळ्यांनीं पाहिलें आहे. बारामती-इंदापूरकडील जुन्या घरांत असे रुमाल आढळल्यास ते निदान उघडून पाहावेत, आणि मगच त्यांची वाट लावावी. नाइकांच्या बाजूची जबानी मिळालीच, तर ती अशाच रुमालांत मिळेल.