अपॉस्ट्रॉफी: चूक कुठली, गुन्हा कुठला?

माझ्या पेपरच्या मसुद्यात गाईडनी एका शब्दाभोवती लाल गोल काढला. मी “पेशंट’स सॅम्पल्स” लिहिलं होतं. समासात प्रश्न : रुग्ण एकच होता का? होते चाळीस! ‘एस’च्या आधी अपॉस्ट्रॉफी म्हणजे एका रुग्णाचे नमुने, ‘एस’नंतर म्हणजे अनेकांचे. एका चिन्हाने माझा सॅम्पल साइजच बदलला होता.

त्या निमित्ताने लिन ट्रस यांचं ‘ईट्स, शूट्स अँड लीव्ह्ज’ (२००३) वाचलं. पुस्तक खुसखुशीत आहे, नियमही स्वच्छ सांगितलेत. ‘टू वीक्स नोटिस’ या सिनेमाच्या नावात ‘वीक्स’नंतर अपॉस्ट्रॉफी नाही, यावरचा त्यांचा वैताग वाचून हसू येतं. पण मालकी दाखवायच्या ‘इट्स’मध्ये अपॉस्ट्रॉफी घालणाऱ्यावर वीज पडावी, इथपर्यंत त्या जातात. तिथे मला थांबावंसं वाटलं.

कारण ही चूक आळशीपणाची नाही, तर्काची आहे. ‘डॉग’ला अपॉस्ट्रॉफी-एस लावला की ‘कुत्र्याचं’ होतं. मग ‘इट’ला लावला की ‘त्याचं’ का होऊ नये? उत्तर असं की सर्वनामांची रूपं तयारच असतात : हिज, हर्स, इट्स. त्यांना चिन्ह लागत नाही. चिन्ह दिसलं, तर ते ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’. आणि अठराव्या शतकात तर मालकीच्या ‘इट्स’मध्येही अपॉस्ट्रॉफी सर्रास लिहिला जायचा. साध्या अनेकवचनाला तो नको, हे खरं. पण ‘न्यूयॉर्क टाइम्स’ अनेक वर्षं १९८०च्या दशकाला अपॉस्ट्रॉफी-एस लावून छापत होता. म्हणजे हे संकेत आहेत, आणि संकेत बदलतात.

चिन्हांचा इतिहास ट्रस स्वतःच सांगतात, पण त्यातून सहनशीलता शिकत नाहीत, ही माझी मुख्य तक्रार. मराठी माध्यमातून आलेल्या आमच्यासारख्यांना इंग्रजीची धास्ती बसते ती असल्या थट्टेमुळेच. मग आम्ही लिहायचंच टाळतो.

माझ्या गाईडनी थट्टा केली नाही, अर्थ विचारला. त्यामुळे नियम कायमचा डोक्यात बसला : आधी मालक पूर्ण लिहा, मग चिन्ह द्या. नमुने कोणाचे? ‘पेशंट्स’चे. शब्द ‘एस’वर संपला, चिन्ह त्याच्यानंतर. आता रुग्ण चाळीसच्या चाळीस आहेत.